सिस्टर विचारायच्या

आम्ही घर बघायला गेलो होतो, म्हणजे प्रश्न आम्ही विचारायला हवे होते. हीटिंग कसं आहे, गाडी कुठे लावायची, शाळा किती लांब, अशी यादी निखिलनं, माझ्या नवऱ्यानं, फोनमध्ये करून आणली होती. ती फोनमध्येच राहिली. सत्तरी ओलांडलेल्या ज्या बाईंनी दार उघडलं त्यांनी आम्हाला बूट काढायला लावले, किचनमधल्या टेबलाशी बसवलं, मला नीट न्याहाळलं आणि सुरुवात केली.

"रंग फिका दिसून राहिला तुझा. लोह घेते का? पाळी वेळेवर येते? पोट्टी किती वर्षांची? पाच? रात्री दात खाते का?"

निखिल खिडकीबाहेर बघायला लागला. इरानं, आमच्या मुलीनं, तोंड उघडून दात दाखवले. बाईंनी ते चष्मा वर करून तपासले आणि समाधानानं मान डोलावली. मग त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरच्या पांढऱ्या बुद्धमूर्तीकडे बोट केलं.

"मी बौद्ध आहे. आडनाव जाहिरातीत लिहीत नाही, करारावर लिहिते. तुमच्याआधी दोन मराठी घरं आली. आडनाव ऐकलं, फोन करतो म्हणाले. अजून करूनच राहिले. तुले काही विचारायचं असेल तर आत्ता विचार."

मी म्हटलं, "हीटिंग कसं आहे?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "मस्त आहे, डक."

वरचा मजला आमचा झाला.

नॉटिंगहॅमची जुनी माणसं एकमेकांना लाडानं 'डक' म्हणतात. या बाई, आमच्या सिस्टर, अमरावतीकडच्या एका खेड्यातून नर्सिंगसाठी इथे आल्या तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि हा शब्द त्यांनी बहुधा पहिल्याच आठवड्यात उचलला असावा. बाकी त्यांची मराठी गाव सोडलं त्या दिवशी होती तशीच राहिली होती. 'काहून', 'हाव', 'नोको', आणि मधूनच 'डक'. मिडवाइफ म्हणून त्यांनी हयात घालवली, इथल्याच हॉस्पिटलात रिटायर झाल्या. आमच्या रस्त्यावरचे सगळे गोरे, पंजाबी, पोलिश त्यांना सिस्टरच म्हणायचे. मीही तेच म्हणू लागले.

त्या कुणालाही काहीही विचारायच्या. बसच्या ड्रायव्हरला त्याच्या सुजलेल्या घोट्यांविषयी. दुकानात टिलवर पैसे घेणाऱ्या मुलीला, बाळाला अंगावर पाजतेस की बाटलीनं. पोस्टमनला, बायको परत आली का. मी त्यांच्या मागे उभी राहून जमिनीत शिरायची जागा शोधत असे. गंमत म्हणजे इंग्रज माणसं, ज्यांना हवापाण्यापलीकडचं काही विचारलेलं खपत नाही असं मला कामावर शिकवलं होतं, ती सिस्टरना भराभरा सगळं सांगून टाकत. बसच्या ड्रायव्हरनं तर एकदा बस थांबवून मोजा खाली केला होता.

मी न विचारणाऱ्या घरात वाढले. आमच्याकडे पुण्यात कुणी कुणाला थेट काही विचारत नसे. बाबांची नोकरी गेली हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. मोकळेपणानं विचारायचा प्रश्न एकच होता, तोही पाहुणा दाराशी असतानाच: आडनाव काय?

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इराच्या शाळेतून कागद आला. शनिवार-रविवारी भोपळ्याच्या शेतावर जा, फोटो काढा, चित्र काढून आणा. गावाबाहेर तासाभरावर एक फळबाग होती, तिथे सफरचंदं स्वतः तोडायची आणि पलीकडच्या शेतातून भोपळा निवडायचा. इरानं परस्पर सिस्टरना आमंत्रण दिलं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या वावरात राबायचं?"

"हो," इरा म्हणाली. "आणि हॉट चॉकलेट."

सिस्टर आल्या. मरून रंगाचा लांब कोट, हिरवे गमबूट, आणि कोटाच्या खिशात गोळ्यांच्या जुन्या बाटलीत तिखट-मीठ. बागेत शिरल्यावर सगळे लालभडक गोड सफरचंदांकडे गेले, त्या ब्रॅम्लीकडे गेल्या. ब्रॅम्ली म्हणजे इथलं भाजायचं, शिजवायचं सफरचंद: हिरवं, थोराड, कच्चं खाल्लं तर कानशिलं आवळतील असं आंबट. सिस्टरनी ते चाकूनं चिरलं, तिखट-मीठ लावलं आणि मला फोड दिली. कैरी! डोळे मिटले असते तर मी शपथ घेऊन कैरी म्हटलं असतं. त्यांच्या घरातलं वर्षभराचं लोणचं ब्रॅम्लीचंच असायचं.

बागेचा मालक टोपी घातलेला एक धिप्पाड इंग्रज होता. सगळ्यांना शिड्या कशा धरायच्या ते सांगत फिरत होता. सिस्टरनी त्याला थांबवलं.

"तुझ्याकडं तोडणीला मजूर येतात ना? त्यांना घरी फळ नेऊ देतोस का?"

तो गोंधळला. "खाली पडलेली नेतात की."

"आणि झाडावरची?"

तो हसला, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र त्यानं दिलं नाही. सिस्टर त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मला म्हणाल्या, "माय संत्रा तोडायले जायची. अंगाले वास यायचा तिच्या संत्र्याचा. आम्ही तिघं पोरं तिच्या पदरात तोंड खुपसून बसायचो. फळ नाही आलं कधी घरी." एवढंच. मग त्या भोपळ्यांकडे निघाल्या.

भोपळा त्या तान्ह्या बाळासारखा उचलायच्या. एक हात खाली, एक देठाशी, मानेशी धरावं तसा. दोनदा झुलवायच्या आणि वजन सांगायच्या. "सात पाउंड, वर थोडं." काट्यावर बरोबर तेवढंच भरायचं. तिथली पोरं त्यांच्यामागे रांग लावून उभी राहिली. इरानं स्वतःचा भोपळा आणला, जेमतेम पेलत.

"सिस्टरआजी, माझी भोपळा किती मोठी आहे बघ!"

"माझा भोपळा," मी म्हटलं. "मोठा."

"राहू दे गं," सिस्टर म्हणाल्या. "जन्मभर पोटातल्या लेकराले मुलगा का मुलगी विचारलं नाही, कोहळ्याले काहून विचारू? आणि भोपळा नाहीच हा. कोहळं आहे."

यावरून आमचा वाद झाला. पुण्यात जो लाल भोपळा तो विदर्भात कोहळं, आणि आमचा कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. शेतातल्या बाकीच्या लोकांनी दोन बायकांना एका भोपळ्यावरून हातवारे करताना पाहून रस्ता बदलला.

हॅलोवीन संपल्यावर दुसऱ्या दिवशी सिस्टर खरेदीची ट्रॉली घेऊन गल्लीत निघायच्या. दार वाजवायच्या, पायरीवरच्या न कोरलेल्या भोपळ्याकडे बोट दाखवायच्या. "हा तू खाणार आहेस का?" तो खाणार नसायचा. इथे भोपळा दारात ठेवतात आणि मग कचऱ्यात टाकतात. दोन आठवडे आमच्या घरात घारगे, भाजी, सूप आणि पुन्हा घारगे असायचे, आणि आठवडाअखेर त्या सगळ्या दारांवर जाऊन डबा पोचवून यायच्या. "तुझाच आहे," असं सांगून.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी जिन्यावरून उतरत होते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट होती. सिस्टर खाली पत्रं गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती दिवस झाले?"

पाळी चुकल्याचं निखिललाही अजून सांगितलं नव्हतं. मी पायरीवरच बसले आणि त्यांना सांगितलं.

त्यानंतर रोज विचारणा. लोह घेतलं का, झोप लागली का, पाय सुजले का. मला ते आवडू लागलं होतं, हे मी कबूल करत नव्हते. आणि जूनमध्ये ते घडलं. मी जिन्यात उभी राहून पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. आई म्हणाली, "त्या खालच्या बाई एवढं करतात तुझं. चांगल्या दिसतात. आडनाव काय गं त्यांचं?"

मी म्हटलं, "विचारलंच नाही कधी. नर्स होत्या."

फोन ठेवला आणि वळले तर खालच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. हातात माझ्यासाठी वाटीत काहीतरी होतं.

"करारावर लिहून आहे ना, डक," त्या म्हणाल्या. वाटी पायरीवर ठेवली आणि दार लावून घेतलं.

पंधरा दिवस सिस्टरनी मला काहीही विचारलं नाही. समोर आल्या तर 'मॉर्निंग' म्हणत, इराशी बोलत. मला एक प्रश्न नाही. कुणाच्या न विचारण्यानं घर इतकं थंड होऊ शकतं हे मला, तसल्याच घरात वाढूनही, माहीत नव्हतं. निखिल म्हणाला, जाऊन बोल. मी रोज उद्यावर ढकलत राहिले. शेवटी एका दुपारी गेले. त्या परसात कपडे वाळत घालत होत्या.

"मी आईशी खोटं बोलले," मी म्हटलं. "तुमचं नाव सांगायला मला भीती वाटली. तुमची नाही, तिची. ती काय म्हणेल आणि मग मला तिला काय म्हणावं लागेल, त्याची."

त्यांनी चादर झटकली, चिमटे लावले.

"आई येईल तेव्हा सांगशील?"

"सांगीन."

"लोह घेतलं का आज?"

नव्हतं घेतलं.

त्या वर्षी शेतावर जायचा रविवार आला तेव्हा मला चौतिसावा आठवडा चालू होता. ऊन छान होतं, रात्रीच्या पावसानं शेत मात्र चिखल झालं होतं. इरानं या वेळी दोन भोपळे घ्यायचं ठरवलं होतं, एक स्वतःचा आणि एक 'बेबीची'. मी फळबागेच्या कडेला एका गवताच्या गठ्ठ्यावर बसले होते. निखिल फोटो काढत होता. सिस्टर ब्रॅम्लीची फोड घेऊन आल्या, मला दिली आणि विचारलं,

"आज बाळ हललं का?"

रोजचाच प्रश्न. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. सकाळी उठले, इराचा डबा, गाडी, रस्ता. काल संध्याकाळी हललं होतं ते आठवलं. त्यानंतरचं काही आठवलं नाही.

"सकाळपासून लक्ष नाही गेलं," मी म्हटलं.

"लक्ष गेलं नाही का हललं नाही?"

मी पोटावर हात ठेवला. त्या माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. सफरचंदाची फोड माझ्या हातातून त्यांनीच काढून घेतली.

निखिल आला. म्हणाला, "झोपलं असेल, सिस्टर. मागच्या आठवड्यात पण असंच वाटलं होतं हिला. थोडं थंड पाणी पी, घरी जाऊन बघू. उद्या सकाळी फोन करू या."

"उद्या नाही," सिस्टर म्हणाल्या. "घरी नाही. पाणी नाही. आत्ता." त्यांनी आपला बटणांचा जुना फोन काढला आणि हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाला लावला. त्यांचं असं इंग्रजी मी कधी ऐकलं नव्हतं. एक शब्द जास्त नाही, डक नाही. चौतीस आठवडे, दुसरी खेप, काल संध्याकाळपासून हालचाल नाही, आम्ही निघतोय, पन्नास मिनिटं लागतील.

गाडी शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मी उठले आणि चिखलात पाय घसरला. सिस्टरनी आजूबाजूला पाहिलं. एक बाप आपल्या दोन भोपळ्यांची व्हीलबॅरो, एका चाकाची हातगाडी, ढकलत चालला होता. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी न विचारता केलेली मी पाहिलेली ती पहिली गोष्ट. भोपळे उचलून त्याच्या हातात दिले, हातगाडीत आपला मरून कोट अंथरला आणि मला बसवलं. निखिल ढकलत होता, सिस्टर बाजूनं माझा हात धरून पळत होत्या, पंच्याहत्तरीच्या बाईंच्या गमबुटांचा पचकपचक आवाज येत होता, आणि मागून इरा रडत ओरडत होती, "माझी भोपळा राहिली!"

लोक हसून हात हलवत होते. त्यांना वाटलं असणार, काय मजेदार कुटुंब आहे.

हॉस्पिटलात पोटाला पट्टे बांधले, मशीनमधून ठोक्यांच्या आलेखाचा कागद सरकू लागला. मशीनशी बसलेल्या मुलीनं ठोके ऐकले, कागद पाहिला आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. ठोके होते, पण दमलेले. तासाभरात मला ऑपरेशनला नेलं. मुलगा झाला. एवढासा, निळसर, आणि मग बऱ्याच वेळानं एक बारीक किरकिर. त्याला तसंच नवजात अर्भकांच्या युनिटमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई नंतर निखिलला म्हणाल्या की नाळेतून त्याला पुरेसं काही मिळत नव्हतं. "उद्या आला असतात तर मला तुम्हाला वेगळं काही सांगावं लागलं असतं."

निखिल हे मला सांगताना भिंतीकडे बघत होता.

युनिटमध्ये आईवडील आणि आजी-आजोबा, एवढ्यांनाच सोडत. संध्याकाळी निखिल सिस्टरना घेऊन दारापर्यंत गेला आणि तिथल्या नर्सला म्हणाला, या बाळाच्या आजी. सिस्टरनी त्याला दुरुस्त केलं. "आजी नाही. लँडलेडी. नियम बरोबर आहे तुमचा, मी बाहेर थांबते." आणि काचेबाहेरूनच निखिलला विचारत राहिल्या: ओठांचा रंग कसा आहे? मूठ आवळतो का? रडताना आवाज फाटतो का बारीक येतो? निखिल आत जाऊन बघायचा, बाहेर येऊन सांगायचा. तो मला नंतर म्हणाला, त्या प्रश्नांमुळेच तो बाळाकडे नीट बघू शकला. त्याआधी त्याला फक्त नळ्या दिसत होत्या.

त्यानंतरचे दिवस इरा सिस्टरकडेच होती. तिसऱ्या दिवशी तिला सुटी होती, तेव्हा त्या दोघी दोन बस बदलून शेतावर गेल्या आणि राहिलेला भोपळा घेऊन आल्या. मालकानं तो बाजूला ठेवला होता. बरोबर ब्रॅम्लीची एक पिशवी दिली, झाडावरची.

मी घरी आले तेव्हा बाळ अजून हॉस्पिटलातच होतं. रिकाम्या हातांनी घरी येणं काय असतं हे मी इथे लिहीत नाही. सिस्टरनी मला आपल्या किचनमध्ये बसवलं, अळिवाची खीर पुढ्यात ठेवली. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं,

"सिस्टर, तुम्ही सगळ्यांना असं विचारता. कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, यांना कुणी काही विचारत नाही. सगळं गाव यांना उत्तरं देतं.

"नवीन होती मी," त्या म्हणाल्या. "इथं नाही, दुसऱ्या गावात. ट्रेनिंग चालू होतं. वॉर्डात एक बाई होती, गोरी, लहानशी. दुपारी मले म्हणाली, आज शांत आहे बाळ. एवढंच म्हणाली. मी मोठ्या नर्सले सांगितलं, ती म्हणे, तू बेडपॅन धू आधी. मी धुतले. माझं इंग्रजी मोडकं, रंग असा, नोकरीची भीती. मले वाटलं, मोठी माणसं आहेत, त्यांना कळत असेल. संध्याकाळी त्या बाईजवळून दोनदा गेली मी. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं नाही."

त्या उठल्या, नळ सोडला, काही न धुता बंद केला.

"नाव आठवते मले तिचं. नवऱ्याचंही आठवते. विचारलं असतं तर बाळ वाचलं असतं का, ते माहीत नाही. पण मी विचारलं नाही ना. मग लोक म्हणोत भोचक. म्हणू दे. खीर खा."

नील तीन आठवड्यांनी घरी आला. नाव आम्ही जन्मनोंदणीच्या वेळीच ठेवलं, इथे त्याला मुदत असते. आईचं मात्र समाधान होईना. "बारशाशिवाय कसलं नाव?" ती फोनवर म्हणायची. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग व्हिसा, असं करत ती आली ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस. तोवर नील उभा राहायला लागला होता.

विमानतळावरून येताना मी मोटरवेवरच तिला सिस्टरचं आडनाव सांगितलं. मागच्या वर्षी जूनमध्ये फोनवर खोटं बोलले होते तेही सांगितलं. आईनं सीटबेल्ट ओढून सैल केला.

"मी एवढी वाईट आहे का गं?" ती म्हणाली.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी तपासूनच पाहिलं नाही."

आई वाईट वागली नाही. ती सिस्टरशी गोड बोलली, नातवासाठी हात जोडून आभार मानले. पण सिस्टरनी तीनदा चहाला बोलावलं आणि तीनदा आई म्हणाली, "आत्ताच झाला." सिस्टर म्हणाल्या, "होते बाप्पा. आत्ताच होते कधी कधी." चौथ्यांदा त्यांनी बोलावलं नाही.

मग ऑक्टोबर आला आणि इरानं फर्मान काढलं की शेतावर सगळे जाणार. आईनं पुण्याहून आणलेली गोधडी बरोबर घेतली, माझ्या आजीच्या हातची. बागेत ती झाडाखाली अंथरली. नील सफरचंदांमागे रांगत होता. आई म्हणाली, आजच बारसं करून टाकू या, इथेच, झाडाखाली, सगळे आहोत. पाळणा नाही तर नाही, गोधडीची झोळी धरू. मग ती थांबली. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. निखिलला बहीण नाही.

मी आदल्या आठवड्यातच सिस्टरना विचारलं होतं, तुम्ही व्हाल का? त्या म्हणाल्या होत्या, "मले तू नोको विचारू." बस. आता त्या चार पावलांवर, कोटाच्या खिशातून चाकू काढून ब्रॅम्ली चिरत होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या.

आई त्यांच्याजवळ गेली. आपल्या नव्या गुडघ्यानं, काठी टेकत. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाली,

"तुमच्यात बारसं कसं करतात?"

निखिलनं डोळे मिटून घेतले.

"आमच्यात?" सिस्टर म्हणाल्या. "बाळाले पाळण्यात ठेवतो. नाव ठेवतो. आलेल्याले जेवू घालतो. तुमच्यात?"

आईनं काठीनं एक पडलेलं सफरचंद बाजूला सारलं. मग ती म्हणाली, "तसंच."

"मग झालं तर."

सिस्टरनी फोडीला तिखट-मीठ लावलं आणि चाकूच्या टोकावर तशीच धरून ठेवली, पुढे केली नाही. आईनं ती स्वतः काढून घेतली. खाल्ली. आंबटानं तिचा सगळा चेहरा गोळा झाला.

"कैरीच की हो," ती म्हणाली. आणि मग, घास गिळून, "तुम्ही आमच्या बाळाच्या आत्या व्हा."

"सांगून राहिल्या का विचारून राहिल्या?"

आईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"विचारतेय," ती म्हणाली.

गोधडीची दोन टोकं मी आणि निखिलनं धरली, एक इरानं, एक आईनं. अकरा महिन्यांचा नील झोळीत झोपायला तयार नव्हता, तो उठून बसला आणि बाहेर डोकावू लागला. सिस्टरनी चष्मा काढून खिशात ठेवला, वाकल्या, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" करून त्याचं नाव सांगितलं. नील खिदळला. शेजारच्या झाडाखालच्या शिडीवरून दोन गोरी मुलं आ वासून बघत होती.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. इराला हे आईनं सकाळीच शिकवलं होतं, पण ती गोधडीचं टोक सोडायला घाबरली. मग आईनं सोडलं. तिनं हात उगारला आणि सिस्टरच्या मरून कोटावर असा धपाटा घातला की आवाज बागेत घुमला.

"अवो बाई!" सिस्टर ओरडल्या. "हाडं म्हातारी आहेत!"

आम्ही सगळे हसत होतो. आई हसत नव्हती. तिचा हात तिथेच राहिला होता, त्यांच्या पाठीवर.

"लागलं का हो?" तिनं विचारलं.